स्क्रीनवर साडेचार मीटर

आखातातल्या अल् अमेरातच्या डोंगरावरच्या त्या टाकीत आमच्या कोकणातली आख्खी वाडी कौलांसकट मावली असती. समुद्राचं पाणी गोडं होऊन पंपाने इथवर चढायचं आणि खालच्या घराघरांत उतरायचं. रोज फीत सोडून पाणी मोजायचं आणि फोनवर सांगायचं, ही माझी नोकरी. जूनमध्ये लोखंडी शिडी अशी तापायची की हातमोजे विसरलो तर भाग्यरेषा शिडीलाच चिकटून राहायच्या.

एका शुक्रवारी सकाळी फीत सोडली तर पाणी वीतभर! पाणी आणणारा व्हॉल्व्ह बंद, आणि तो उघडायचा अधिकार कंट्रोल रूमचा. दुपारच्या नमाजाला मशिदीचे नळ कोरडे पडणार, मागोमाग सगळी वस्ती. मी अल् खुवैरच्या ऑफिसात ड्यूटीवर असलेल्या आमच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला. साहेब पुण्याचे.

"साहेब, वीतभर पाणी उरलंय!"

"स्क्रीनवर साडेचार मीटर आहे."

"देवाशपथ, साहेब!"

"देवाला मध्ये आणू नका हो. गेल्या महिन्यात तुम्हीच सांगत होतात ना, टाकीत बगळा मासे मारतो म्हणून?"

बगळा खरा होता, छतावर बसलेला. मासे मी पदरचे घातले, कबूल. पण फितीवरचा आकडा मी जन्मात कधी वाढवला नाही! गप्पा वेगळ्या, माप वेगळं, एवढं शिकलेल्या माणसाला कळू नये? तिकडे स्क्रीनला आकडा पुरवणारा टाकीतला सेन्सर केव्हाचा अडकून बसलेला. पण तो गप्पा मारत नाही, म्हणून तो प्रामाणिक!

मी असा ओरडलो की फोन नसता तरी अल् खुवैरला ऐकू गेलं असतं. साहेब तणतणत गाडी घेऊन आले. "खोटं निघालं तर खलास. तिकीट काढून सरळ घरी." धुतलेले गमबूट चढवून ते टाकीत उतरले. पाणी घोट्याच्या जरासं वर. मी झाकणापाशी फोन स्पीकरवर धरला.

"व्हॉल्व्ह खोलो! टंकी खाली है!" साहेब खालून गरजले.

"नहीं सर," कंट्रोल रूमचा ऑपरेटर म्हणाला, "स्क्रीनपे साढ़े चार मीटर है।"

"अरे, मैं टंकी में खड़ा हूँ!"

"हो नहीं सकता, सर. साढ़े चार मीटर में आप डूब जाते।"

मग साहेबांनी जी शिवी हासडली, तिचा घुमका टाकीत पाच मिनिटं फिरत होता. व्हॉल्व्ह उघडला, तोही इतका तडक की साहेब शिडी गाठेपर्यंत कमरेपर्यंत भिजले. नमाजाआधी नळांना पाणी आलं.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अहवाल निघाला: कंट्रोल रूमच्या दक्षतेमुळे बिघाड वेळीच लक्षात आला. खाली साहेबांची सही! मी तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, यात मी कुठे आहे?"

"अहो, तुमचं नाव घातलं असतं तर वरच्यांनी विश्वास ठेवला असता का?"

मी फीत त्यांच्या टेबलावर आपटली. "मग उद्यापासून तुम्हीच चढा!"

दुसऱ्या दिवशी मीच चढलो. खालच्या वस्तीने काय गुन्हा केला होता?