तीन बायका, एक ओटी

“इचारायला काय जातंय?”

हे वाक्य काकींच्या तोंडी इतक्यांदा यायचं की आमच्या दौऱ्यातले शेतकरी त्याची नक्कल करायला लागले होते. डाव्या हाताची मूठ कमरेवर, उजव्या हातात पदराचं टोक, मान जराशी तिरकी, की समजायचं, आला प्रश्न. समोरच्याला मराठी येतं की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. चौकस माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्यातली बरीचशी पगार किती आणि आडनाव काय, एवढ्यावर थांबतात. काकींचं तसं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

मी बारामतीत शेतीच्या एका संस्थेत नोकरी करते. शेतकऱ्यांना परदेशी अभ्यासदौऱ्यावर न्यायचं, इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करायचं, आणि कुणाची बॅग हरवली की सगळ्यांची बोलणी खायची, हे माझं काम. काकी इंदापूर तालुक्यातल्या. नवरा गेल्यापासून डाळिंबाची बाग त्यांनी एकटीनं सांभाळलेली. स्पेनला डाळिंब बघायला जायचं ठरलं, तेव्हा नाव नोंदवणाऱ्या त्या एकट्याच बाई.

दौऱ्याआधीच्या बैठकीत पुरुषांचे दोनच प्रश्न होते. जेवायला काय मिळणार, आणि थंडी किती. काकी मागच्या रांगेतून उठल्या.

“तितल्या बायका रानात जाताना पोरं कुणापाशी ठेवत्यात?”

हशा पिकला. आमच्या गटातले वडीलधारे म्हणजे तात्या, द्राक्षवाले. त्यांनी मागं वळून म्हटलं, “काकी, आपण डाळिंब बघाय चाललोय, माणसं न्हाय.”

“डाळिंब काय माणसाबिगर येतंय व्हय?”

तात्यांनी पुढं बघितलं. मी मात्र तिथंच ठरवलं की खोलीत माझ्यासोबत ही बाई असणार. तशीही दुसरी सोय नव्हती, बायका आम्ही दोघीच.

मुंबईच्या विमानतळावर काकींची बॅग उघडायला लावली. आत खोबऱ्याच्या वाट्या. खोबऱ्यात तेल असतं, विमानात चालत नाही, असं सांगून त्या काढून घेतल्या. दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. काकींनी कमरेवर हात ठेवला. “मग तुमी त्याचं करता काय? चटणी?” तो अधिकारी बिचारा हसू दाबत म्हणाला, फेकून देतो. काकींना ते सगळ्यात जास्त लागलं. विमानात बसेपर्यंत “चांगलं खोबरं फेकत्यात” हेच चाललं होतं. मग जेवणाचे ट्रे आले आणि खोबरं मागं पडलं. “एवढी ताटं ह्या धुत्यात कुठं?” खरं सांगते, मी इतक्यांदा विमानात बसले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी त्या हवाईसुंदरीला विचारलं. तिलाही नीट सांगता आलं नाही.

मी काकींना विचारलं, खोबरं कशाला आणलं होतं?

“अगं, दुसऱ्याच्या घरात ऱ्हायचं, खायचं, अन् निघताना घरच्या बाईची ओटी न भरता निघायचं? खण आणलाय, सुपारी हाय, हळकुंड हाय. तू भरायची. मला कुठं चालतंय?”

विमानतळाच्या गडबडीत मी ‘म्याडम’ची ‘अगं’ कधी झाले ते कळलंच नव्हतं. पण या वाक्यानं मी गडबडले.

“काकी, माझं लग्न झालेलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आता गं बया! आजकालच्या बायका मंगळसूत्र घालत न्हाईत, म्हून मला वाटलं झालं आसंल.” आणि मग स्वतःवरच इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतले तात्या उठून बघायला लागले.

हसू ओसरल्यावर मात्र त्या खिडकीकडे तोंड करून बोलल्या. एकुलत्या एका लेकीला सातवा लागत होता. परत गेल्या गेल्या माहेरचं डोहाळजेवण. ओटी त्यांची जाऊ भरणार होती.

“आणि तुम्ही?”

“मी सैपाकाचं बघंन. लग्नातबी सैपाकाचंच बघितलं की.”

“तुम्हाला भरावीशी वाटत नाही?”

“वाटून काय? माझ्या हातानं कायतरी वंगाळ झालं तर? लोकं सोड गं, मलाच भ्या वाटतं.” प्रश्न विचारणाऱ्या बाईला मी पहिल्यांदाच उत्तर देताना ऐकत होते, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

स्पेनमधलं ते गाव समुद्रापासून जरा आत होतं. उघडे डोंगर, पांढरट माती, डाळिंबाच्या रांगा, आणि ऊन असं की तात्या म्हणाले, “इंदापुरातच आणून सोडलं का काय?” आम्हा दोघादोघांची सोय एकेका शेतकऱ्याच्या घरी केली होती. आम्हा दोघींना मिळालं एका पन्नाशीच्या शेतकऱ्याचं घर. तो आणि त्याची म्हातारी आई, एवढीच माणसं. त्याला इंग्रजी यायचं. म्हणजे काकींचा प्रश्न मी इंग्रजीत करायची, तो स्पॅनिशमध्ये करायचा, म्हातारी उत्तर द्यायची आणि ते त्याच वाटेनं परत यायचं. माझा जीव मेटाकुटीला यायचा.

काकींना बागेत सोडलं की त्या छाटणी बघायच्या, ठिबकच्या नळ्या चाचपायच्या, आणि मग माणसांवर यायच्या. पाणी पाळीनं मिळतं का? मिळतं. पाळी रात्रीची आली तर कोण जातं? शेतकऱ्यानं आईला विचारलं. म्हातारीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. नवरा गेल्यावर तीच जायची, हातात कंदील घेऊन. काकींनी माझ्या मराठीची वाट पाहिली नाही. त्यांनीही स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्यानंतर त्या दोघी माझ्याशिवायही तास तास स्वयंपाकघरात बसायला लागल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी स्पॅनिशमध्ये. मधून खळखळून हसायच्या. काय बोलता म्हणून विचारलं, तर काकी म्हणायच्या, “तुला न्हाय कळायचं.”

म्हातारी रोज काळा झगा घालायची. वरचं एप्रनही काळंच. काकींना किती दिवस दम निघणार? जेवताना विचारलंच, “ही रोज काळंच का घालती?”

शेतकरी जरा अवघडला. म्हणाला, वडील गेल्यापासून. इथल्या म्हाताऱ्या बायका घालायच्या. आताच्या घालत नाहीत.

“कुणी सांगितलं घालाय?”

म्हातारी हसली. कुणीच नाही. पण निळा झगा घालून बाहेर पडले असते तर सगळी गल्ली खिडकीत आली असती.

“मग?”

मग सवय झाली.

काकींनी पावाचा तुकडा रश्शात बुडवला. मला वाटलं, संपले प्रश्न. तर म्हणाल्या, “तिला इचार, तिला रंग कुठला आवडतो?”

म्हातारीनं आधी हात झटकला. मग पोरीसारखी लाजली आणि म्हणाली, पिवळा. तिचा मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मला म्हणाला, हे मला माहीत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी काकींनी खण बाहेर काढला आणि पंचाईत सुरू झाली. एका छपराखाली आम्ही तीन बायका. एक इंदापूरची विधवा, एक स्पेनची विधवा आणि एक मी, बिनलग्नाची. ओटी भरायला सवाष्ण नाही आणि भरून घ्यायलाही नाही. आम्हाला बोलवायला आलेले तात्या दारात उभे होते. ते म्हणाले, “राहू द्या की. शाल हाय माझ्याकडं, ती देऊ म्हातारीला. काम भागतंय.”

“शाल तिच्या लेकाला द्या,” काकी म्हणाल्या. “घर कुणी सांभाळलं?”

त्यांनी खणाची घडी चाचपली. मग डोक्यावरून पदर घेतला आणि म्हातारीच्या डब्यातलेच दोन मुठी तांदूळ काढले. नारळ नव्हता, म्हणून टोपलीतलं डाळिंब उचललं. ज्यांच्या घरचं त्यांच्याच ओटीत, पण आता कोण हिशेब करतंय? काकींनी म्हातारीला खुणेनं एप्रन पसरायला सांगितलं आणि खण, सुपारी, हळकुंड, डाळिंब, तांदूळ असं सगळं त्या काळ्या एप्रनमध्ये घातलं. मी तात्यांकडे बघायचं टाळलं.

म्हातारीला आता पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं एप्रनमध्ये पाहिलं, काकींकडे पाहिलं, आणि तिला बहुतेक वाटलं, हे वाटून घ्यायचं असतं. तिनं मूठभर तांदूळ आणि ते डाळिंब काकींपुढे धरलं. आपल्याकडे कुणी काही दिलं की बाईमाणूस पदर पुढं करतं. काकींनीही सवयीनं केला. तांदूळ पदरात पडले तेव्हा त्यांना कळलं, काय झालं ते. मग त्यांनी पदराला गाठ मारली आणि म्हातारीच्या गळ्यात पडल्या. मला रडू आवरेना, आणि त्या शेतकऱ्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

बसमध्ये तात्या माझ्या मागं बसले होते. हळूच म्हणाले, “जे झालं ते झालं. हितलं हितंच ऱ्हाऊ द्या. गावाकडं कुणी बोलायचं न्हाय.” माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. काकींनी त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही. शेवटी तात्यांनीच विचारलं, “काकी, तब्येत बरी हाय न्हवं?”

डोहाळजेवणाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. अंगणात मांडव, फुलांनी सजवलेली खुर्ची, हिरव्या साडीत काकींची लेक. अशा कार्यक्रमांत माझी जागा ठरलेली असते. मागची खुर्ची आणि कुणाचा तरी मोबाईल, “तुमी फोटो काढा म्याडम.” मी फोटो काढत होते. काकी ठरल्याप्रमाणे आत, स्वयंपाकाकडे. जाऊबाईंनी ताट उचललं, “चला गं सवाष्णींनो, या पुढं.”

काकी पदराला हात पुशीत बाहेर आल्या. सरळ ताटापाशी गेल्या आणि तांदळात हात घातला.

“अगं, तू?” जाऊबाई एवढंच म्हणाल्या.

काकी वळल्या त्या लेकीच्या सासूकडे. आवाज चढवला नाही. “इहीनबाई, लेक माझी हाय. माझ्या हातानं तिचं वंगाळ व्हईल, आसं तुमाला वाटतंय का? वाटत आसंल तर सांगा. मी ताट ठिवते अन् आत जाते.”

विहीणबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली. पण लेकीनं वाट पाहिली नाही. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला आणि म्हणाली, “आई, भर की. बसून कंबर दुखाय लागली माझी.”

काकींनी ओटी भरली. रडत भरली आणि नाक ओढत भरली. त्यांच्या मागून जाऊबाईंनी भरली आणि मग एकेक बाई पुढं येऊ लागली. विहीणबाईही उठल्या. मी मोबाईल डोळ्यांपुढे धरून धडाधड फोटो काढत होते. खरं म्हणजे मला नीट दिसत नव्हतं.

“पुरं झालं फोटो. हिकडं ये.”

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाल्या.

“तुलाच म्हणते. ये, भर.”

“काकी, मला नाही येत,” मी म्हटलं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, चार देश फिरलेली, आणि मी मोबाईल आणखीच घट्ट धरला. आजवर मला कुणी त्या ताटापाशी बोलावलं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

“मला तरी कुठं येत हुतं? धर तांदूळ.”

मी मोबाईल खुर्चीवर ठेवला आणि पुढं गेले. त्या दिवसाचे सगळे फोटो आहेत, काकींचे, विहीणबाईंचे, अगदी आचाऱ्याचासुद्धा. माझा तेवढा नाही. फोटो काढणारी मीच होते.