माळावरचा जरनेल

अर्जुनराव निजामाच्या रिसाल्यात दफेदार होता. म्हणजे हाताखाली मूठभर स्वार आणि डोक्यावर सतरा साहेब. पण त्याच्या चकलांबा गावाला एवढ्यावर समाधान कुठलं? मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, लढाईवरून तो भरघोस मिशा आणि एक लंगडा पाय घेऊन परतला, आणि गावानं त्याला परस्पर जरनेल करून टाकलं. आधी चेष्टेनं म्हणत, मग सवयीनं. त्यालाही ते आवडायचं. कोणी नुसतं अर्जुनराव म्हटलं तर लवकर ओ द्यायचा नाही.

चावडीपुढच्या लिंबाखाली बसून तो लढाई सांगायचा. तोफा, उंट, वाळू, सगळं यायचं. शेवट मात्र ठरलेला. "एका वाटसरूची दया आली म्हनून आमच्या पहारेकऱ्यानं त्याला आत सोडला. त्यानंच शत्रू आनला. दया करनारा बी मेला आन निजलेले बी मेले. हुकूम दगडाचा असावा, बे!" तरणी पोरं आ वासून ऐकायची.

घरात मात्र त्याचा हुकूम कोणी विचारत नसे. लेक एकुलती एक, केसर. तो लढाईवर गेला तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते, परतला तेव्हा ती सासरी जायला निघाली होती. तिचं लहानपण आपल्याला दिसलंच नाही, हे त्याला फार लागलं होतं. म्हणून ती माहेरी आली की तो तिचं पोर खांद्यावर घेऊन लंगडत गावभर मिरवायचा.

अशातच एका साली गावात उंदीर मरून पडू लागले. प्लेगाचं हे बोलावणं निजामाच्या मोगलाईत कोणाला समजावून सांगावं लागत नसे. घरं टाकायची आणि रानात खोप्या घालून राहायचं. पाटील सगळ्यांत आधी पाहुण्यांकडे पळाला. मग गाव जरनेलाकडे आलं. त्यानं माळावर ओळीनं खोप्या घालून घेतल्या, भोवती बोरीबाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, वाटेवर नाका बसवला आणि नाक्यावर लिंबाखालच्या पोरांतल्या शहादेवाला उभं केलं. बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, आतलं बाहेर गेलं तर ते परत नाही.

"माझा मेलेला बाप आला तरी परत लाव," तो शहादेवाला म्हणाला. "मला इचारायला येऊ नको."

"आन गावातली जवारी?" जमलेल्या बायकांतल्या बायनाबाईनं विचारलं.

"ती आना की. खायाचं काय मग?"

कणग्या रिकाम्या झाल्या, पोती माळावर आली. कोणाला काही वावगं वाटलं नाही. अन्नाला कधी रोग होतो का?

पंधरवडाभर माळावर कोणी दगावलं नाही. आसपासच्या गावांतून रडण्याचे आवाज यायचे आणि इथं लोक जरनेलाच्या पाया पडायचे. मग एका सकाळी हजेरीला गडी रांगेत उभे असताना शहादेव छाती काढून पुढं आला.

"जरनेलसाब, काल दिस बुडताना तुमची केसर आल्ती. लेकरू कडंवर. नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं म्हनली. लई रडली. पन म्या सोडली न्हाई."

त्याला शाबासकी हवी होती. सगळी रांग जरनेलाकडं बघत होती.

"शाब्बास," जरनेल म्हणाला.

खोपीत त्याची बायको चंद्रभागा उभी होती. तिनं ऐकलं होतं. "जावा की ओ. कुठं पडली असंल ती?" त्यानं काठी उचलली आणि तो नाक्यापर्यंत गेला. तिथं मागं वळून पाहिलं, तर सगळं गाव खोप्यांच्या दारात. आज आपण गेलो तर उद्या जो तो आपापल्या लेकीसाठी जाईल. तो परत फिरला. चंद्रभागा त्याच्या अंगावरून पुढं गेली. परत येता येणार नाही हे ठाऊक असून गेली.

केसर ओढ्याकाठच्या चिंचेखाली तापानं फणफणली होती. दोन दिवसांनी कुंपणाबाहेरून चंद्रभागेची हाक आली, "लेकरू गेलं हो! केसर बी गेली!" त्यानंतर तिची हाक आलीच नाही.

त्याच आठवड्यात बायनाबाईनं ज्वारीचं पोतं सरकवलं आणि खाली मेलेला उंदीर निघाला. नाक्यावर पहारा होता, आणि मरण सगळ्यांनी स्वतःच्या पाठीवर वाहून आणलं होतं. निम्मा माळ रिकामा झाला. शहादेवाचे आईबाप गेले. जरनेलाला मात्र साधा तापही आला नाही. आपण मरावं म्हणून तो मेलेल्यांना एकट्यानं उचलत होता, तरी नाही.

पुढं तो खूप वर्षं जगला. लिंबाखाली बसायचा, पण लढाई सांगायचा नाही. अर्जुनराव म्हटलं तर निमूट ओ द्यायचा. फक्त शहादेव त्याच्याजवळ येऊन तंबाखू मळत बसायचा आणि अजून जरनेलसाबच म्हणायचा. एकदा त्याला राहवलं नाही.

"त्या सांजंला तुमाला कावून इचारलं न्हाई म्या? जीव खातंय ते. इचारलं असतं तर?"

"तरी परत लावच म्हनलो असतो," अर्जुनराव म्हणाला. "जा घरी."

शहादेव हलका होऊन गेला. अर्जुनराव खोटं बोलला होता. विचारलं असतं तर तो अनवाणी धावत नाक्यावर गेला असता आणि तिला पोरासकट उचलून आत आणलं असतं. हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच तर, मला विचारायला येऊ नको, असा हुकूम त्यानं दिला होता.