एकशे एकतीस नंबरची हजेरी

शनिवार, १५ फेब्रुवारी १९८६, सकाळचे साडेदहा. दंड दहा रुपये. जागा, अंधेरीतल्या आमच्या कॉलेजची उपप्राचार्यांची खोली. हजर माणसे पाच: उपप्राचार्य, अकाउंटन्सीचे सर, हेडक्लार्क, माझी वहिनी आणि मी. माझा मित्र बाहेर बाकावर होता. त्याला नंतर बोलावणार होते.

आरोप असा, की मंगळवारी पहिल्या तासाला मी मित्राची हजेरी दिली. माहितीपत्रकातल्या शिस्तीच्या नियमांत हा नियम चौदावा होता. दुसऱ्याची हजेरी दिल्यास दर तासामागे दहा रुपये दंड आणि पाचापेक्षा जास्त वेळा दिल्यास टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. भावाने मला आधीच सांगून ठेवले होते, "वर्ष गेलं तर कॉलेज बंद. माझ्या कंपनीत हेल्परची जागा आहे." आईवडील गावाला असत. मी भावाकडे राहून शिकत होतो, त्यामुळे या बोलण्यावर मला काही म्हणता येत नव्हते.

माझा नंबर चौऱ्याऐंशी, मित्राचा एकशे एकतीस. मधे शेहेचाळीस नंबर, म्हणजे सुमारे अडीच मिनिटे. तेवढ्यात मी मागच्या बाकावर सरकून आवाज जाड करत असे. त्या मंगळवारी मला खोकला होता. चौऱ्याऐंशीला मी "येस सर" म्हणून खोकलो आणि एकशे एकतीसलाही "येस सर" म्हणून तसाच खोकलो. सरांनी मान वर केली.

पालकांना आणा अशी चिठ्ठी मिळाली. भावाची दिवसपाळी होती, म्हणून वहिनी आली. ती मरोळच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबले चिकटवायची. रोज अठरा रुपये. अर्ध्या दिवसाचा खाडा करून ती आली होती, म्हणजे नऊ रुपये तिथेच गेले होते. दंडाचे दहा तिने रुमालात बांधून आणले होते.

उपप्राचार्यांनी विचारले, "असं किती वेळा केलंस?"

प्रश्न साधा होता. "पहिल्यांदाच" म्हणून सुटता आले असते. सगळे तेच म्हणत. पण मला लहानपणापासून मोजून ठेवायची खोड. त्या वर्षी खिशातल्या वहीत मी प्रत्येक झालेला तास लिहून ठेवला होता आणि ज्या दिवशी मित्राची हजेरी दिली, तिथे फुली मारली होती. वही तेव्हाही खिशातच होती.

"बारा वेळा, सर."

वहिनीने माझ्याकडे असे पाहिले, की ते मला अजून आठवते. "तुमका कोणी इचारलेला?" ती पुटपुटली. रागावली की ती मालवणीत जायची.

"त्यांनीच, वहिनी."

अकाउंटन्सीच्या सरांनी वही मागून घेतली. "बारा फुल्या. एकशेवीस रुपये, आणि नियमाप्रमाणे टर्म नाही. त्या दुसऱ्याचे बारा तास वजा करा, त्याचीही टर्म जाते." ते खरेच होते. वहीप्रमाणे अकाउंटन्सीचे बावन्न तास झाले होते. मित्राची रजिस्टरवर सत्तेचाळीस तासांची हजेरी, त्यातून बारा गेले की पस्तीस. पंचाहत्तर टक्क्यांच्या नियमाने लागत होते एकोणचाळीस. मी फक्त स्वतःचाच विचार करून बोललो होतो.

"सर, तो टवाळक्या करत नाही," मी म्हणालो. "तो मढचा आहे. होडीने वर्सोव्याला उतरून येतो. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एकदोन दिवस सकाळी सहाच्या सुमारास पार ओहोटी असते. होडी चिखलात बसते. पाणी चढल्याशिवाय तिला सोडता येत नाही. तो दुसऱ्या तासाला येतोच. दुसऱ्या तासाची हजेरी बघा."

"म्हणजे आता कॉलेज तिथी बघून भरवायचं?" अकाउंटन्सीचे सर म्हणाले.

हेडक्लार्क उठले आणि भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागले. नवे कॅलेंडर जुन्याच खिळ्यावर टांगलेले होते, त्यामुळे त्याच्या खाली गेल्या वर्षीचेही होते. त्यांनी दोन्ही काढून टेबलावर ठेवली. "वाचा सर," ते म्हणाले.

सर वही वाचू लागले. "अठ्ठावीस नोव्हेंबर."

"प्रतिपदा. आदल्या दिवशी पौर्णिमा."

"एकोणतीस."

"द्वितीया."

"अकरा डिसेंबर."

"अमावास्या."

प्रत्येक तारखेबरोबर सरांचा आवाज खाली येत गेला. उपप्राचार्य खुर्चीत पुढे सरकले होते. पुढे काय येणार ते मला मात्र माहीत होते.

"तीन जानेवारी."

हेडक्लार्कनी पान उलटले. "सप्तमी."

"सप्तमीला कसली ओहोटी?" सरांनी विचारले.

त्या दिवशी मित्र मढलाच एका बंगल्यावर शूटिंगच्या गर्दीत उभा राहायला गेला होता. जेवण आणि वीस रुपये. दुसऱ्या तासालाही तो नव्हता. "त्या दिवशी ओहोटी नव्हती, सर," एवढेच मी म्हणालो.

उरलेल्या तारखा जुळल्या. बारापैकी अकरा. आम्हाला बाहेर बसवले.

बाकावर मित्राने विचारले, "काय झालं?"

"बारा सांगितले."

"बारा? अरे, वाट लावलीस यार! एकदाच केलं म्हणायचं होतं ना!"

"विचारलं त्यांनी."

"तुला घरी कोणी विचारलं, किती पोळ्या खाल्ल्या, तर तेही मोजून सांगशील."

"सांगतात ते," वहिनी म्हणाली. "आणि एक कमी झाली की तेही सांगतात."

तो हसला नाही. मी घड्याळाकडे पाहत होतो. वीस मिनिटांत मी तीनदा पाणी प्यायलो आणि दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. हेल्परची जागा, भावाचा चेहरा आणि याचे पस्तीस तास एवढेच डोक्यात फिरत होते. वहिनी म्हणाली, "भाऊजी, बसा एका जागी. तुमच्या फेऱ्यांनी निकाल बदलायचा नाही."

आम्हा तिघांना आत बोलावल्यावर उपप्राचार्य काही बोलायच्या आधीच वहिनीने तोंड उघडले. "साहेब, मी शिकलेली नाही. एक विचारू? यांनी खोटं सांगितलं असतं तर दहा रुपयांत सुटले असते. खरं सांगितलं म्हणून एकशेवीस आणि वर वर्षही?"

उपप्राचार्यांनी वही मिटली. मग ते म्हणाले, "वही याने स्वतः दिली. त्याखेरीज आपल्याकडे एकाच तासाचा पुरावा आहे. ओहोटीचे अकरा तास उशिरा आला असे धरून हजेरीत मोजा. जो तास पकडला, त्याचा दंड दहा. सप्तमीचे दहा. हजेरीतून तो सप्तमीचा एकच तास जाईल." मित्राचे शेहेचाळीस झाले आणि टर्म दोघांनाही मिळाली. माझ्याकडून पुन्हा असे करणार नाही म्हणून लिहून घेतले. अकाउंटन्सीच्या सरांनीही सही केली, पण माझ्याकडे न पाहता.

वहिनीच्या रुमालात दहाच होते. उरलेल्या दहासाठी मी मित्राकडे वळलो, तर त्याने आधीच नोट काढली होती. "सप्तमीचे माझेच," तो म्हणाला. "तुझे तू दे."

पुढे ओहोटीच्या दिवसांत तो आदल्या संध्याकाळीच वर्सोव्याला मावशीकडे येऊन राहू लागला. मला त्याने पुन्हा कधी हजेरी द्यायला सांगितले नाही आणि वहीत काय लिहितोस, असे अधूनमधून विचारायला लागला. मी दाखवत असे. मी खरे बोलून त्याला वाचवले की आधी बुडवले, हे मला आजही नीट लावता येत नाही.

कॉलेजला वीस रुपये भरले, पावती माझ्या नावावर. दहा वहिनीचे, दहा मित्राचे. मे महिन्यात मी घेत असलेल्या शिकवणीचे पैसे आले, तेव्हा वहिनीला तिचे दहा आणि खाड्याचे नऊ असे एकोणीस रुपये दिले. तिने ते मोजून घेतले.