पूजेला बसलेल्या चार डिस्का

लाल दिवा लागला म्हणजे मोटर चालू. हिरवा लागला म्हणजे बंद. पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्या मोटरी मी चाळीस वर्षं दुरुस्त केल्या आणि प्रत्येक स्टार्टरवर हेच बघितलं. माझी शाळा चौथीपर्यंत (त्यातली चौथी दोनदा!), पण दिव्यांच्या बाबतीत मला शिकवायची अख्ख्या कसबा बावड्यात कुणाची टाप नव्हती.

आमची सून रोहिणी घरातच लग्नाच्या फिल्मा तयार करते. तिच्या कॉम्प्युटरशेजारी एक काळा डबा. डब्याला चार कप्पे, चार कप्प्यांत चार डिस्का, आणि पंचक्रोशीतली सगळी लग्नं त्या चौघींच्या पोटात. मला त्या डब्याचं भारी कुतूहल. एकदा कान लावून ऐकलं, तर आत घूंऽऽ आवाज.

"रोहिणी, ह्यात फिरतंय काय गं?"

"तबकड्या फिरत्यात, आप्पा."

फिरतंय म्हणजे मोटर आली. मोटर आली म्हणजे आपलं खातं आलं!

गेल्या वर्षी नवरात्रात बघतो तर पहिल्या डिस्केवर लाल दिवा, बाकी तिघींवर हिरवा. मी स्टूल ओढून तासभर बघत बसलो. एकटी बिचारी राबतीय आणि तिघी हिरवा दिवा लावून निवांत! रोहिणीनंही तो दिवा बघितला होता. तिनं गुपचूप नवी डिस्क मागवली. मी गुपचूप त्या लाल दिवेवालीचं कौतुक केलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. एकदा पूजेला बसलं की दिवसभर त्याला हलवायचं नाही. माझे पाने, पकडी, हातोडा, शेजारी रोहिणीचा कॅमेरा, असं सगळं मांडून झालं. रोहिणी झेंडू आणायला बाजारात गेली आणि माझ्या मनात आलं, कॅमेरा पूजेला बसतो, मग ह्या चौघींनी काय पाप केलंय?

कॉम्प्युटर चालूच होता. बंद करायचं बटण मला माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची आपल्याला सवय नाही. खट् करून पहिली ओढली. खट् दुसरी. तिसरी. चौथी.

आता, मिस्तरी कुठलीही वस्तू खुणेशिवाय उघडत नाही. खूण उठवायचा पंच धरायचा, हातोडा हाणायचा, पहिल्या भागाला एक घाव, दुसऱ्याला दोन. पण हातोडा पूजेला बसलेला! (त्या दिवशी हातोडा मोकळा असता तर ही गोष्ट इथंच संपली असती.) मग कुंकवाचेच ठिपके दिले. पहिलीला एक, दुसरीला दोन, असे चौथीला चार. कालचा शिळा झेंडू वाहिला, उदबत्ती ओवाळली, हात जोडले.

ह्यांचा पाट म्हणजे तो डबाच, म्हणून परत आत बसवायला घेतल्या आणि माझ्यातला मिस्तरी जागा झाला. जीपची टायरं कशी आलटून पालटून लावतात? म्हणजे झीज सारखी होते. राबणारीला शेवटच्या कप्प्यात टाकलं, विश्रांतीला. बाकीच्या तिघी एकेक घर पुढं सरकवल्या. घ्या म्हटलं, आता तुमची पाळी!

डब्यानं टीं टीं टीं करून बोंब ठोकली. मी टॉवेलानं भराभरा कुंकू पुसलं, पण बोंब काही थांबेना.

"अवो, काय वाजतंय?" स्वयंपाकघरातनं बायको.

"घंटा! पूजा चाललीया न्हवं!"

रोहिणी आली आणि तिनं पडद्यावर बघितलं. सगळं गायब.

"आप्पा, डब्याला कुणी हात लावला?"

"लाइट आली-गेली असंल."

"कोडोलीचं लग्न ह्यात हाय ओ! नवरीच्या आज्जीचं मांडीचं हाड मोडलं, तिला लग्नाला जाताच आलं न्हाई. उन्हाळ्यापासनं म्हातारी रोज फोन करतीया. येत्या रविवारी घरी येऊन दाखवतो म्हणून सांगितलंय मी तिला!"

खरं ओठापर्यंत आलं होतं, पण ओठ माझेच. उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटायचं सोडून रोहिणीनं यासीनला बोलावलं. त्याचा बाप आणि मी एका दुकानात मोटरींत तांब्याची तार भरायचो. पोरगा कॉम्प्युटरमध्ये निघाला. त्यानं पहिली डिस्क ओढली आणि स्वतःचं बोट बघितलं. लालभडक!

"भाभी, ह्ये कुंकू हाय?"

"कंपनीचा शिक्का असंल," मी म्हटलं.

त्यानं कप्प्यात चिमटा घातला आणि झेंडूची पाकळी बाहेर काढली. "आणि कंपनी फुलं बी वाहती व्हय, आप्पा?"

मी छताकडं बघितलं.

यासीन रोहिणीला म्हणाला, "घाबरू नका. चार भावांतला एक मुका झाला, तरी तिघांना विचारून त्याचं बोलणं काढता येतंय. ही लाल दिव्याची तेवढी मेलीया."

"मेलीया?" मी ओरडलो. "आरं, तीच तर एकटी चालत हुती!"

"आप्पा, लाल म्हंजे बिघाड. हिरवा म्हंजे चालू."

चाळीस वर्षं ज्या दिव्याच्या जिवावर छाती काढून चाललो, तो असा उलटला!

"पण अडचण हाय," यासीन म्हणाला. "कोण कुठल्या घरात हुती ते ठावं पायजे. क्रम चुकला तर खिचडी. एकेक क्रम लावून बघायचा तर आठ-दहा दिवस जातील."

रोहिणी नुसती फोनकडं बघत राहिली. तेवढ्यात तो वाजला. कोडोलीची आज्जी! रोहिणीनं तो उचलला नाही. वाजून वाजून बंद पडला.

बायको दारातनं म्हणाली, "काल कुंकवाचा करंडा बी पालथा पडला हुता. कंपनीवाला देवघरापातूर आलता वाटतं."

"मी हलवल्या!" माझ्या तोंडातनं निघालं. "मेलेली पयली हुती, ती शेवटी घातली. बाकीच्या एकेक घर पुढं. मिस्तरी हाय मी, कुठला नट कुठला ते इसरत न्हाई!" (कबुलीसुद्धा मी छाती काढूनच दिली.)

यासीननं मी सांगितलं तसा क्रम लावला. त्याचं यंत्र दोन दिवस घूं घूं करत होतं आणि मी शेजारी स्टुलावर, हात मांडीखाली घालून. मग पडद्यावर हळदीनं माखलेली नवरी आली. रोहिणी हसली आणि मग डोळे पुसले.

रविवारी मीही कोडोलीला गेलो. आज्जीनं खाटेवर पडून सगळी फिल्म दोनदा बघितली आणि म्हणाली, "समदं झ्याक! पर माझ्या जावंला पयल्या पंगतीला कुणी बसवली?"

यंदाच्या खंडेनवमीला रोहिणीनं हत्यारं मांडली. हातोडा, पाने, कॅमेरा आणि शेजारी एक रिकामा पाट.

"ह्यो कुणाला गं?"

"तुमाला, आप्पा. बसा. पूजेला बसलेल्यानं दिवसभर हलायचं न्हाई."

बसलो. तिनं कपाळावर हा मोठा कुंकवाचा ठिपका दिला. बायको लांबनं बघून म्हणाली, "अगं बाई, लाल दिवा लागला की!"

लाल म्हणजे चालू, असं मी सांगणार होतो. पण यासीन दारातच उभा होता.