सुभेदारकाकांचा टेस्टर

आमच्या शेजारच्या सुभेदारकाकांइतका विजेवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात सापडायचा नाही. पलटणीतून निवृत्त झालेला हा मिशाळ गडी साधा बल्ब बदलायचा तरी मोहिमेवर निघाल्यासारखा रबरी चप्पल चढवायचा. मेन स्विच खाली केला म्हणजे वीज गेली, हे त्यांना काही केल्या पटत नसे. तारेला टेस्टर लावायचा. पण टेस्टरच बिघडलेला असला तर? म्हणून तो आधी चालू प्लगमध्ये घालून बघायचा. आता मेन बंद केल्यावर त्यांच्या घरात चालू प्लग कुठला? मग ते आमच्याकडे येत, टेस्टरचा दिवा लागतो का बघत, घरी जाऊन तार तपासत आणि मधल्या वेळात टेस्टरनं दगा दिला नाही ना, याची खात्री करायला परत येत. मेन बंद करायच्या आधी घरीच तपासा की, असं मी एकदा सुचवलं, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझी बायको पहिल्या फेरीला चहाचं आधण ठेवी आणि दुसऱ्या फेरीला कप हातात देई. काकू गेल्या, मुलगा बंगळुरात, तेव्हापासून काकांच्या घरातलं वायरिंग फारच बिघडायला लागलं. आम्हाला सगळं कळत होतं.

मग माझी सांगलीला बदली झाली. सामान टेम्पोत चढत असताना काका म्हणाले, “आता टेस्टर कुठं तपासायचा रं?” वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, असं मी सांगितलं. “त्यांची वळख न्हाई,” एवढंच बोलून ते घरात गेले. मला फार वाईट वाटलं.

महिनाभरानं काका एसटीनं थेट सांगलीला हजर. नव्या घरातली वीज पारखल्याशिवाय सूनबाईनं मिक्सरला हात लावायचा नाही, असा आल्या आल्या हुकूम. दुपारपर्यंत एकेक बोर्ड उघडून झाला. वायरिंग नवंकोरं, खोड काही निघेना आणि काकांचा चेहरा उतरत चालला. ते पिशवी आवरायला लागले तेव्हा बायको म्हणाली, मागच्या खोलीतला मेला प्लग अधूनमधून झटका देतो.

तो प्लग त्यांनी सकाळीच तपासला होता. काकांनी तिच्याकडे बघत टेस्टर पिशवीत ठेवला.

“सूनबाई, त्यात कायबी न्हाई,” ते हळूच म्हणाले. “पर फुडल्या रविवारी येऊन बघतो.”

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. बस सुटल्यावर मनात आलं, साताऱ्याला पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल आणि कुलूप काढून घरातला दिवा त्यांनाच लावावा लागेल.