दोन्ही गुडघे एकदम

अडतीस वर्षं मी मेंढ्यांची लोकर कातरली. मेंढी गुडघ्यांत धरायची आणि दिवसभर कमरेत वाकायचं. कातरणी सुटली, गुडघ्यांची कुरकुर तेवढी राहिली. वॉल हेनेसी माझ्याच शेडमधला, शेजारच्या मशीनवरचा. त्याचेही गुडघे तसेच झिजलेले. दोघंही एकाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

डॉ. रत्नायके म्हणाल्या, "तुमचं हृदय ठीक आहे, डेस. दोन्ही गुडघे एकदम बदलता येतील. भूल एकदाच, इस्पितळही एकदाच. पण रक्त जास्त जातं, गुठळी होण्याची भीती थोडी वाढते. आणि टेकायला चांगला पाय एकही उरत नाही. मी तुमच्या जागी असते तर एकेक केला असता."

वॉलनं एकच करायचं ठरवलं. मी छाती फुगवून म्हणालो, "अर्धी मेंढी कातरून कुणी सोडतं का?"

हे वाक्य मी क्लबात तीन संध्याकाळी ऐकवलं. तिन्ही वेळा माझी बायको नोरीन शेजारी होती, बिचारी.

दोघांचीही शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात झाली. मला रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी व्यायाम करवून घेणारी बाई म्हणाली, "चांगल्या पायावर भार द्या." मग तिनं कागद पाहिला आणि म्हणाली, "अरे हो."

चौथ्या दिवशी वॉल काठी टेकत, घरी जाता जाता मला भेटायला आला. दिवसाला दीडशे मेंढ्या उलथवणाऱ्या मला तेव्हा दोन नर्सा कमोडवरून उठवत होत्या.

"काय रे, झाली का पुरी मेंढी?" असं म्हणून त्यानं माझं कस्टर्ड खाल्लं.

मी पाच आठवडे तिथंच. घरी आल्यावरही मोजे नोरीननंच घालायचे. "पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंचं ऐक," ती म्हणायची. आता पुढची वेळ कुठली? गुडघेच संपले होते.

सहा महिन्यांत मी क्लबापर्यंत चालत जाऊ लागलो. वॉलच्या दुसऱ्या गुडघ्याची तारीख मात्र दोनदा पुढे गेली. एकदा सर्दी, एकदा नातीचा बाप्तिस्मा. तिसऱ्या तारखेला मीच त्याला गाडीतून नेलं. वाटभर मारायचे टोमणे घरूनच तयार केले होते.

अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "पहिल्या वेळी किती दुखतं ते माहीत नव्हतं, डेस. आता माहीत आहे."

टोमणे गिळले. नोरीनलाही न सांगितलेली गोष्ट तोंडून निघून गेली. "मी कसला शूर रे. एक करून घेतला असता, तर दुसऱ्यासाठी मी परत फिरकलोच नसतो. म्हणून दोन्ही."

तो म्हणाला, "म्हणजे सारखेच भित्रे."

"तू हप्त्याहप्त्यानं," मी म्हणालो.

त्याचा तोही गुडघा नीट झाला. वर्षभरानं डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना जिने चढायला लावले, गुडघे वाकवून पाहिले. "आता दोघांत फारसा फरक नाही," त्या म्हणाल्या. "वाट तेवढी वेगळी होती."

फारसा नाही, पण आहे. वॉलचा डावा गुडघा माझ्यापेक्षा पाच अंश जास्त वाकतो. क्लबाच्या हिरवळीवर बोल्सचे चेंडू घरंगळवताना तो आता गरज नसतानाही खाली वाकतो, आणि वाकलेलाच राहून माझ्याकडे बघतो.