घरातलं एकुलतं एक मत

जर्मनीतल्या एका गावावर तिथल्या जर्मनांपेक्षा जास्त हक्क सांगणारा मराठी माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. येना शहरापासून रेल्वेनं वीस मिनिटांवर, चुनखडीच्या टेकडीला टेकून बसलेलं आमचं हे गाव. एक चर्च, एक बेकरी, एक ओढा. पण मामांसमोर 'गाव' म्हणायची सोय नाही. "नगर म्हणा, जावईबापू! सनद आहे!" मग कुठल्या सरदारानं ती सनद दिली, पुढे आगीत अर्धं नगर कसं जळलं, ओढ्यानं पात्र कुठे बदललं, हे सगळं ऐकावंच लागे. एकदा टेकडीवर वाट चुकलेल्या जोडप्याला त्यांनी रस्ता सांगायला सुरुवात केली, ती इथे समुद्र होता तेव्हापासून. समुद्र आटून टेकडी वर येईपर्यंत त्या दोघांची बस निघून गेली. हे किस्से मी इतकी वर्षं नकला करून सांगत आलो. तेच नडलं.

येनाच्या भिंगांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मामांनी राटहाउसमधली, म्हणजे नगरभवनातली, नगरपरिषदेची एकही सभा चुकवली नाही. टाय बांधून प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसायचे. दुसरी रांग भरायची वेळ कधी आलीच नाही. रहिवाशांच्या प्रश्नांची वेळ झाली की महापौरबाई मान वर न करताच म्हणायच्या, "बिटे, विचारा आजचे तीन प्रश्न." स्मशानाचं फाटक का करकरतं? पुलावरच्या पाटीत साल चुकलंय, ते कधी बदलणार? एकदा बाई वैतागल्या, "अहो, मग तुम्हीच उभे राहा ना निवडणुकीला!" मामा टाय सावरत खाली बसले. इथे प्रश्न कुणीही रहिवासी विचारू शकतो. मत द्यायला आणि उभं राहायला युरोपातला पासपोर्ट लागतो. मामांचा भारतीयच. "जन्मगावाशी काडीमोड घ्यायचा नसतो," म्हणत. आमच्या घरात जर्मन पासपोर्ट फक्त माझा, तोही प्रवासाला बरा म्हणून घेतलेला.

मग आमचं नगर शेजारच्या शहरात विलीन करायचा विषय निघाला. म्हणजे राटहाउसला कुलूप, परिषद बरखास्त, वेशीवरच्या पिवळ्या पाटीवर त्या शहराचं नाव ठळक आणि आमचं बारीक. नगर स्वतंत्र राहावं का, यावर लोकांचं मत घ्यायचं ठरलं. मामा माझ्यासाठी टपाली मताचा अर्ज भरूनच घेऊन आले.

"छे हो मामा! टपालानं कसलं? मी नेहरू जाकीट घालून थाटात राटहाउसला जाणार."

मामा लहान मुलासारखे खुलले. ते स्वतः मात्र त्या दिवशी तिकडे फिरकणार नव्हते. "मत नसलेल्या माणसानं दारात उभं राहू नये. लोकांवर दडपण येतं."

आदल्या दिवशी मी आणि बायको रेल्वेनं चार तासांवरच्या एश्बॉर्नला मित्राकडे मुक्कामाला होतो. रविवारी न्याहारी करून निघालं की सहाला मतदान संपायच्या आत सहज पोचणार होतो. पण न्याहारीला गप्पा रंगल्या, आणि कुणाच्या रंगणार? मामांच्याच. मी मामांसारखा टाय सावरत उभा राहिलो, टेबलाभोवती लोक पोट धरून हसत होते, "अजून एक, अजून एक" चाललं होतं. बायकोनं दोनदा घड्याळ दाखवलं. मी समुद्र आटवत होतो. न्याहारीवरून थेट दुपारच्या जेवणावर आलो; एकामागून एक गाड्या गेल्या. पुढच्या गाडीनं पोचलो तेव्हा राटहाउसचं दार बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा घरी आले. सभेत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "आल्झो, तर मतं समसमान पडली. नियमाप्रमाणे समसमान म्हणजे स्वतंत्र राहण्याचा प्रस्ताव नामंजूर. नगर गेलं." मग माझ्याकडे वळून, "एका मतानं, जावईबापू. तुम्ही गेला होतात ना?"

"हो तर," मी म्हणालो. "थाटात."

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मामांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन थोपटला. "मग झालं. आपल्या घरून काही कमी पडलं नाही."

याला आता दोन हिवाळे झाले. मी नकला करणं सोडलंय. वाटेत कुणी जुना नगरवासी भेटून हळहळला, की मामा मला दंडाला धरून पुढे करतात आणि सांगतात, "हे आमचे जावई. यांनी मत दिलं होतं." तो माणूस अदबीनं हात पुढे करतो. मी तो हातात घेतो.